काटा

रात्री दहाला हिरामण सोनकांबळेंनी विचारलं,
"मॅडम, अडलंय कुठं?"
म्हटलं, "ड्रायव्हर चढत नाहीये."
त्यांनी खिडकीतून डंपरच्या रांगेकडे पाहिलं.
"कुठल्या गाडीचा?"

कांजूरचं डम्पिंग. पत्र्याची केबिन.
काट्याचा डबा सत्याण्णव सालचा,
पाठीला नऊ टाचण्यांचं जुनं तोंड,
तिथून निघालेली निळी केबल,
तिच्या टोकाला लॅमिंग्टन रोडवरून
एकशे ऐंशीला घासाघीस करून आणलेला कन्व्हर्टर,
आणि त्यापुढे माझा बोर्ड,
दोन काडेपेट्यांएवढा, पोटात लिनक्स.

कर्नल एवढंच म्हणतो:
नवीन उपकरण सापडलं, क्रमांक चार.
आणि गप्प.
पाहुणा दारात उभा, "या" म्हणायला कुणी नाही.
काढलं, फुंकर मारली, परत लावलं.
क्रमांक पाच. गप्प.
सहा.

शेठचा फोन: "किती टक्के झालं?"
या कामात टक्के नसतात, शेठ.
शून्य असतं, शून्य असतं, रात्रभर शून्य असतं,
मग एकदम होतं.
"म्हणजे पन्नास धरू?"

साकीनाक्याच्या गाळ्यात बांधून आणलेलं मॉड्यूल
बोर्डानं दारातूनच परत पाठवलं.
आवृत्ती वेगळी, म्हणाला. शेवटच्या ठिपक्यानंतरचा एक आकडा.
मांडीवर लॅपटॉप घेऊन परत बांधायला बसले.
बावीस मिनिटं.
खाडीकडून वास आला, मग येईनासा झाला,
म्हणजे नाकानं नाद सोडला.
काका डब्यावरचे लाल आकडे वहीत उतरवत होते,
शाईच्या पेनानं,
सातला मधोमध आडवी रेघ मारून.

चढला एकदाचा. तरी पोर्ट नाही.
चिप नकली निघाली.
काम तेच, भाषा तीच,
पण तिचा नंबर ड्रायव्हरच्या यादीत नाही.
"मग?"
"यादीखाली आपण हातानं लिहायचा."
"चालतं असं?"
"इथं चालतं."
चार अक्षरं, मोकळी जागा, चार अक्षरं. एंटर.
टीटीवाय यूएसबी शून्य.

पोर्ट उघडला आणि स्क्रीनभर
चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, तुटके कंस.
"कचरा येतोय नुसता."
काका हसले, "इथं दुसरं काय येणार?"
चोवीसशे, अठ्ठेचाळीसशे, शहाण्णवशे,
वेग बदलून बदलून बोटं दुखली.
शेवटी डब्याचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला
पेन्सिलीनं, पुसट: सात बिट, सम पॅरिटी.
कोण होतास बाबा तू.
कुठं असशील तिथं जेवलेला अस.

१३८६०
१३८६०
१३८६०

मी खुर्चीतून उठलेच.
काकांनी स्क्रीनकडे नाही, बाहेर पाहिलं.
"ऐंशी जास्त आहेत."
"काटा चुकतोय?"
"ड्रायव्हर उतरला नाही."
खिडकीतून हात काढून त्यांनी पत्रा बडवला.
केबिनचं दार उघडलं, एक तरुण पोरगा
जांभई देत खाली आला, काट्यापासून दूर उभा राहिला.
१३७८०.

मग सवयीनं बोर्ड बंद करून चालू केला.
पोर्ट नाही.
हातानं लिहिलेला नंबर पुसलेला.
"वीज गेली की विसरतो," मी म्हटलं.
"आमचं पण तसंच," पेनाला टोपण लावत काका म्हणाले.
"दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवतात,
मग नवीन माणूस म्हणून घेतात.
नऊदा नवीन झालोय मी."

बोर्ड उठल्या उठल्या जी फाइल वाचतो
तिच्यात ती ओळ टाकली.
तीनदा वीज काढली. तीनदा त्याला आठवलं.
चौथ्यांदा प्लग काकांनी स्वतः ओढला,
परत खोचला,
आणि हिरवा दिवा लागेपर्यंत
भिंतीला हात टेकून उभे राहिले.

"ठेवतंय लक्षात," म्हणाले.
मग वही पुढे ओढून
मघाचं वजन लिहायला बसले.
एक, तीन, सात.
सातला रेघ.