बारावा पडदा

एकवीसशे पन्नास रुपये.
त्यातले नऊशे बेडकाच्या हृदयाचे,
कारण ज्युनिअरांच्या जर्नलात मी आकृत्या काढते,
दहाला एक,
शिरा निळ्या, धमन्या लाल, नावं सरळ रेघेत.
बाकीचे मेसमधल्या रविवारचे,
सहा महिने न खाल्लेल्या गुलाबजामांचे.

जळगावात चव्वेचाळीस अंशांच्या दुपारी
सुपडूअप्पा बारींच्या दुकानात शिरले.
वरातीत पोचे पडलेले ट्रम्पेट,
भाता उसवलेली पेटी,
आणि वर दोरीला उलटे टांगलेले
पाच सोप्रानो युकुलेले.
अप्पांच्या भाषेत, बारकी गिटार.
"कोनासाठे जोयजे?"
"माझ्यासाठीच."
त्यांनी चष्मा वर सारला
आणि पंखा माझ्याकडे वळवला.

निळ्यावर डॉल्फिन होता. बाराशे.
पडद्यांच्या कडेवरून अंगठा नेला
तर बाभळीवरून गेल्यासारखा ओरखडला.
रंगाचा थर असा,
की आवाज आत गोधडी घेऊन झोपलेला.

दुसऱ्याच्या तारा इतक्या उंच
की खालून मुंगी
डोक्यावर गूळ घेऊन गेली असती.

तिसरा अख्ख्या लाकडाचा. चार हजार आठशे.
मला फक्त वास घ्यायचा होता.
अप्पांनीच तो माझ्या हातातून काढून घेतला.
"हाई तुना कामनं नही.
मे महिनामा तडकी जाई.
प्लायनं बरं. ऊन सोसस."
दुकानदार महाग वस्तू परत टांगतो
तेव्हा त्याच्या दुकानात आणखी थोडं थांबावं.

राहिले दोन.
एकाच कंपनीचे, एकाच तपकिरी रंगाचे, चोवीसशेला.
मी डोळे मिटून एकेक तळहातावर घेतला.
हे मालूमावशीचं शिक्षण.
भरतासाठी बामणोदचं वांगं घेताना
ती रंगाला भुलत नाही,
हातावर झेलून बघते,
दिसायला थोर, वजनाला हलकं,
म्हणजे आत बिया कमी.
उजव्या हातातला हलका होता.
मी म्हटलं, हाच.

अप्पांनी दुसरी एक पेटी ओढली, सूर धरला.
मोकळी तार. मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून.
तोच सूर यायला हवा, फक्त एक मजला वर.
उजव्याचा जिन्यात अडखळला.
पुन्हा दाबली. पुन्हा अडखळला.
डावा, तो जरा जड,
सरळ वर जाऊन दार वाजवून आला.

वांग्याला बारावा पडदा नसतो, मावशी.

तरी मी एकदा उजव्याकडे पाहिलंच.

अडीचशे कमी पडत होते.
मी नोटा पुन्हा मोजल्या, जणू वाढतील.
अप्पांनी बुटाच्या खोक्याचं झाकण फाडून पुढ्यात ठेवलं,
"अक्षर कसं शे तुनं?"
मग तासभर त्यांच्या काउंटरवर
मी पंचवीस चिठ्ठ्या लिहिल्या,
ढोलकी, झांजा, पेटीची दुरुस्ती,
किमती लाल, नावं निळी,
आणि दोरीखाली मोठ्या अक्षरांत: युकुलेले.
अप्पांनी खाली लिहायला लावलं: म्हणजे बारकी गिटार.

रात्री होस्टेलच्या गच्चीवर
फरशी अजून तव्यासारखी.
सायमा तडवी चटईवर ओला पंचा अंगावर घेऊन पडलेली.
चार तारा नायलॉनच्या, कोऱ्या,
आठ दिवस ढिल्या पडणार, अप्पांनी बजावलं होतं,
चिडू नको, पिळत राहा.
सगळ्यात वरची तार, जी जाड असेल असं वाटतं,
ती निघते बारीक आवाजाची,
रांगेत मधेच घुसलेल्या पोरीसारखी.

"लागलं का गं?"
"लागलं."
"मग वाजव ना."

मी बोट ठेवलं.
तेवढ्यात तिसरी उतरली.