पाटी आणि पेटी

कारखान्याच्या रौप्यमहोत्सवाला
सभासदांना मिळाले स्टीलचे डबे, पाच किलो साखर भरून.
चेअरमनना मात्र नाट्यपदांचा नाद,
म्हणून संचालक, पाहुणे, दोन आमदार आणि तीन मेहुणे
यांच्यासाठी घडवून घेतल्या एकशे एक पेट्या.
पुढच्या फळीवर पितळी पाटी:
उसाचं कांडं, धुराडं, सन
आणि क्रमांक.
माझ्यासमोर होती ती सदतिसावी.

गुजरीमागच्या बोळात हसमुख ओसवालनं
ती कपाटातनं काढली, लॉकरमधली पाटली काढावी तशी.
"साहेब, एकदाही वाजलेली नाही.
पंचेचाळीस हजार. दहा वर्षांनी दोन लाख
कुठं गेले नाहीत."

मी छत्तीस वर्षं बँकेत, कॅशला.
कोरी नोटसुद्धा मोजताना वाजते.
ही गप्प होती आणि गप्पपणाचेच
पैसे मागत होती.

शैलजा म्हणाली, "आपल्या घरात सा लागतो कुणाचा?
पितळच हवं असेल तर किलोवर मिळतं."
मी म्हणालो, गुंतवणूक आहे.
हा शब्द मी काउंटरपलीकडनं
इतक्यांदा ऐकलाय
की आता माझ्याच तोंडी परका वाटला.

व्यवहाराआधी दाखवून घ्यावी म्हणून
रिक्षात मांडीवर धरून नेली पापाच्या तिकटीजवळ,
दस्तगीर शिकलगारांकडं.
त्यांनी पाटीकडं पाहिलंच नाही.
भाता उघडला.
डांबरगोळीचा वास आला, मग एक सुस्कारा,
मग काहीच नाही.

"घडी मोडलीया," म्हणाले. "हालवलाच न्हाई तर
चामडं वाळणार. माणसाचा गुडघा घ्या की."
झाकण काढलं. पट्ट्यांवर हिरवट बुरशी,
कसरीनं खाल्लेलं बनात,
आणि लाकडावर पेन्सिलीनं, कुणा कारागिराच्या हातचं:
*काळी चार जरा चढी. वाजवून बसेल.*

वाजवून बसेल.
कुणाला सांगून ठेवलं होतं त्यानं?
ज्या संचालकाला मिळाली, त्यानं ती शोकेसमध्ये ठेवली असेल,
ट्रॉफ्यांच्या शेजारी, प्लास्टिकसकट.
पंचवीसेक वर्षं ती ओळ आत अंधारात
एका बोटाची वाट बघत.

शिकलगारांनी उदबत्ती पेटवली.
मला वाटलं, पूजा करतात की काय.
तर भाता मारत धूर नेला पुढच्या फळीशी,
आणि पाटीच्या चारी कोपऱ्यांवर
धूर थरथरला.

"हे बघा. स्क्रू लांब, फळी पातळ.
थेट आत उतरल्यात.
सगळी हवा पाटीतनं जातीया."
मग पान लावता लावता, माझ्याकडं न बघता:
"तुमी घेताय काय, साहेब? पाटी का पेटी?
दोन्ही एकदम मिळंना बघा."

पाटी काढली तर ती शंभर पेट्यांसारखी एक पेटी.
ओसवाल बारा हजारसुद्धा म्हणायचा नाही.
ठेवली तर दोन लाख, दहा वर्षांनी,
मी तेव्हा एक्याऐंशीचा.
हिशेब सरळ होता.
मी तो तिथंच, त्यांच्या बाकड्यावर बसून
दोनदा केला, दोन्ही वेळा बरोबर आला.
आणि तरी म्हणालो, काढा.

त्याआधी ओसवालला सव्वीसवर आणलं,
कसर, बुरशी, भाता, सगळं एकेक दाखवून.
धूर मात्र दाखवला नाही.
एवढा कॅशियर अजून शिल्लक आहे.

चार भोकांत आता मेण आहे.
पाटी शैलजानं दुधाच्या पातेल्यावर ठेवली,
मांजरासाठी. धुराडं वर, कांडं खाली.
संध्याकाळी मी सा शोधतो.
कधी सापडतो, कधी शेजारचे घोरपडे खिडकी लावतात.
काळी चार
अजून चढीच आहे.