दोन चमचे, अर्धी वाटी

जहाजावर सव्वीस वर्षं भंडारी होते हे.
कायमचे जयगडला उतरले तेव्हा
ट्रंकेतून सात डबे निघाले,
चहात घालायच्या पांढऱ्या भुकटीचे.
डबा फिरवून फिरवून वाचला मी.
गाय नाही, म्हैस नाही, नारळ नाही.
नाहीच बरंच काही.

मागच्या दारी सहा माड.
पाडेली परवाच येऊन गेला,
पडवीत ढीग पडलाय.
तरी हे कोमट पाणी घेतात,
दोन चमचे, अर्धी वाटी,
गुठळ्या मोडेपर्यंत काट्यानं फेटतात
आणि ओततात सुरमईच्या कालवणात.

"नारळ फोडू का?"
"कशाला? झालंच."
डावा हात ओट्याची कड धरून असतो.
ओटा हलत नाही
हे त्या हाताला अजून कोणी सांगितलेलं नाही.

चव वाईट नाही, खोटं कशाला बोलू.
मध्यरात्री पहाऱ्यावरची पोरं हाक मारायची,
मुनाफचाचा, खीर!
तेव्हा हीच भुकटी, हेच पाणी,
आणि पोरं वाटी चाटून पुसून परत द्यायची.

सोलकढीत मात्र फाटली.
आमसुलाला नाही फसवता येत.
गुलाबी पाण्यावर चोथा तरंगला,
हे वाकून बघत राहिले,
मग म्हणाले, "किनारा लागला म्हणायचा."

त्या दिवशी आडाळीवर बसले स्वतः.
बोट कापून घेतलं.

सातवा डबा अर्धा आहे अजून, फळीवर.
खाऱ्या हवेनं आत खडा झालाय.
हलवला की
सुक्या नारळासारखा वाजतो.