मापाची वही

या वहीत गल्लीतल्या बायकांची मापं आहेत :
छाती, कंबर, बाहीचा घेर, गळा मागून किती खोल.
चोविसाव्या पानावर मात्र
चौगुल्यांच्या थोरल्या सुनेच्या खाली लिहिलंय,
सुपारी. छाती साडेछत्तीस.
बिजली. छाती अडतीस.
गळ्याचा रकाना कोरा.

दोघी घोड्या माझ्या कमरेला लागतील एवढ्या.
रंकाळ्यावर पोरं बसवून फिरायच्या
संध्यामठाकडं तोंड करून, एक फेरी आणि माघारी.
धाकटा दीर दस्तगीर गोव्याला गाडीवर लागला,
दोन्ही कासरे माझ्या हातात देत म्हणाला,
‘भाभी, यांना काय लागत न्हाई.
उसाचं वाडं टाकायचं, पाणी दावायचं.’

फुलेवाडीत सगळे म्हणायचे, कशा गुबगुबीत आहेत!
थंडीची लोकर अंगभर, पोटं ढोलकीसारखी.
मीही तेच म्हणत होते.
डोळ्याला कापड दिसतं, ओ.
माप हातालाच कळतं.

एका दुपारी मशीन थांबवून
सुपारीच्या केसांत बोटं घातली
आणि खाली फासळ्या लागल्या. एकेक.
पत्र्याच्या नळ्या मोजाव्यात तशा मोजल्या.
कणा तर उसवलेल्या शिवणीगत वर आलेला.
मग पोट?
पोट जंतांचं होतं.

डॉक्टर नेजदार मोटरसायकलवरून आले,
तिची जीभ बाजूला ओढून बॅटरी आत मारली,
‘या, बघा.’
दाढेची कड कात्रीसारखी, गाल आतून कापलेला.
म्हणून ती गवत चघळून चघळून
ओले बोळे खाली टाकायची
आणि मी समजत होते, लाडावलीय.
त्यांनी कानस चालवली.
तो आवाज आठवडाभर माझ्याच दातांत राहिला.

मी तशीच शाहूपुरीला निघाले होते,
हरभऱ्याचं पोतं आणते, गुळाची ढेप आणते,
किती दिवसांचं देणं एकदम फेडून टाकते.
‘थांबा,’ डॉक्टर म्हणाले,
‘उपाशी अंगाला मेजवानी झेपत नाही.
आधी नुसतं वाळकं गवत. थोडं. मग परत थोडं.
जंताचं औषध वजन बघून.’
वजन कशावर करू?
ते माझ्या गळ्याकडं बघून हसले.
टेप तिथंच लोंबत होती.

फजरच्या अजानीला एक पेंढी.
पहिल्या ब्लाउजच्या हुका लावून झाल्या की एक.
दुपारी मूठभर मेथीघास, पुढं दोन मुठी.
रात्री मशीनवर झाकण घालताना शेवटची.
बिजलीला लांब बांधलं,
ती आपलं उरकून सुपारीच्या वाट्यात तोंड घालायची.
मला काय सांगता,
मी सहा जावांच्या घरात नांदलेय.

पहिले पंधरा दिवस आकडा हलला नाही.
मला टेपच खोटी वाटायला लागली,
चौगुल्यांच्या सुनेला बोलावून
तिच्यावर तपासली.
टेप बरोबर होती. सून वाढली होती.

फाल्गुनात लोकर सुटायला लागली,
खरारा फिरवला की गठ्ठेच्या गठ्ठे.
चिमण्या येऊन चोचीत भरून न्यायच्या.
खालून निघालं सॅटिनचं अस्तर.
फासळ्या आता बघून दिसत नाहीत,
दाबल्या तर लागतात.
असंच पाहिजे, म्हणे.

दस्तगीरचा फोन आला :
शाळांना सुट्ट्या लागतील, चौपाटीला सीझन, नेतो दोघींना.
ये, म्हटलं.
आल्यावर आधी हात धू,
मग हात लावून बघ,
मग बोलू फेरीचं.

त्याच संध्याकाळी खूर साफ करताना
सुपारीनं मांडीवर लाथ घातली.
अशी तशी नव्हे. मी शेणात बसले.
पाच महिने ही पाय उचलून द्यायची
मेलेल्या माणसाच्या हातासारखा.

लंगडत आत आले, वही काढली.
छाती साडेचाळीस.
गळ्याचा रकाना अजून कोराच होता.
तिथं लिहिलं :
लाथ मारते.