मोजणी

पहाटे साडेचारला टेन माइल रोडवर
मी दोन काळ्या रबरी नळ्या आडव्या ठोकतो,
कडेच्या खांबाला डबा साखळीनं बांधतो, कुलूप लावतो.
चाक गेलं की नळीतली हवा दचकते
आणि डबा एक आकडा गिळतो.
एवढंच माझं काम.
अठरा वर्षं मी बॉइसी शहराचं दचकणं मोजतोय.

पहिल्या वर्षी दिवसाला चारशे.
त्यात वीस-पंचवीस तर डेल्बर्ट ऑग्डनच्याच ट्रकच्या फेऱ्या,
पुदिन्याची कापणी चालू होती,
वासानं डोळे थंड पडायचे.
आता त्या शेतात दोनशे चाळीस गॅरेजं आहेत,
त्यांना चिकटून घरंही आहेत म्हणे.
कमानीवर दगडात कोरलंय: मिंट मेडोज.
नाव सोनूबाई.
पुदिना उरलाय तो न्हाणीघरात,
टूथपेस्टच्या नळीत.

आता दिवसाला एकोणीस हजार सहाशे.
माझा आकडा कचेरीत जातो,
तिथं त्याला टाय बांधतात,
मग तो सभेत उभा राहून म्हणतो, अजून दोन लेन.
दोन लेन होतात.
मी पुन्हा नळ्या ठोकतो.
आकडा जेवून उठलेला, आणि तरी उपाशी.

नळीची एक खोड आहे.
पायी माणूस तिला कळत नाही.

बस नंबर बेचाळीस कालव्यापाशी वळते
आणि आल्या वाटेनं परत जाते.
पुढचे अडीच मैल फुराहाच्या बुटांचे.
मिंट मेडोजच्या टोकाला वृद्धाश्रम आहे,
तिथं ती सकाळच्या आंघोळी घालते.
पहिल्या दिवशी माझी नळी बघून किंचाळली.
साप वाटला.
मी समजावलं तेव्हा जोडपायांनी तिच्यावर उडी मारली,
डब्याकडे बघितलं.
काही नाही.
पुन्हा मारली.
मग इतकी हसली, की थंडीत तिच्या तोंडाची वाफ
माझ्यापर्यंत आली.

मागल्या नोव्हेंबरात मतदान झालं.
विक्रीकरात अर्धा सेंट वाढवा,
बस कालवा ओलांडेल.
सभेत एकजण म्हणाला, तिथून बसला माणसं कुठं मिळतात?
दुसरी म्हणाली, बस कुठंय माणसांना?
डेल्बर्ट उठला. म्हणाला, जमीन विकून आलेला पैसा
मी परक्यांना फिरवायला देणार नाही.
टाळ्या पडल्या.
आडात नव्हतंच, पोहऱ्यात कुठून यायचं.

मी? मीही नकोच म्हणालो.
माझा पगार पेट्रोलवरच्या करातून येतो.
गाड्या विजेवर जाताहेत, तो हौद आटतोय,
दुसरी तोटी निघाली की आपली बंद,
असा हिशेब मांडला. पडद्यामागं.
एका हातानं.
कुणी नळी लावली नव्हती तिथं.

फेब्रुवारीत डेल्बर्टचं लायसन्स गेलं.
डोळ्यांत पडदा.
मुलगा फीनिक्सला, शेजाऱ्यांची नावं माहीत नाहीत.
गुरुवारी डॉक्टर शहरात.
तर आता दर गुरुवारी काठी टेकत तो कालव्याकडे निघतो,
आणि समोरून फुराहा येते.
माझ्या नळीपाशी दोघं थांबतात.
ती त्याचा हात धरून नळी ओलांडायला लावते,
दोन बोटं जाडीची नळी,
जणू नदीच आहे.
तो तिला काय म्हणतो ते मला ऐकू येत नाही.
ट्रक जात असतात.

फॉर्मवर शेवटी शेरा नावाचा रकाना आहे.
अठरा वर्षांत मी त्यात लिहिलंय:
वारा. साखळी तुटली. हरिण.
गेल्या गुरुवारी लिहिलं, पायी दोन.
कचेरीतून ऑड्राचा फोन.
संगणक घेत नाहीये, काढून टाकू?
मी म्हणालो, तुझं तू बघ.

आज कडेच्या खडीवर दव गोठलंय.
तिचे बूट जाताना, त्याचे येताना,
त्याच्या बाजूनं काठीची टिंबं,
एका जागी खूप टिंबं, तिथं दम खाल्ला असणार.
ऊन आलं की हे जाईल.
मी गुडघ्यावर बसून मोजतो,
चुकतो, पहिल्यापासून धरतो,
आणि पाठीमागं डबा
टक टक गिळत राहतो.