चार हजारच्या वर

रास्ता पेठेत, पिठाच्या गिरणीवरचा जिना चढून
हेमलता ओतारींच्या श्रवण-तपासणी केंद्रात
मी पासोड्या विठोबाहून बॅग घेऊन पोचलो.
बाई म्हणाल्या, नवा संगणक उत्तम आहे हो,
फक्त माझ्या यंत्राशी बोलत नाही.

यंत्र दोन हजार चारचं. त्याची भाषा एक्स्पीच जाणे.
नवं घ्यायचं तर साडेचार लाख,
आणि बहिरेपणाला, बाई म्हणतात, एवढी घाई नसते.

म्हणून थोरल्याला धाकट्याशेजारी बसवायचं.
रीत अशी, की थोरल्याने आधी यावं,
धाकट्याने मागून येऊन जागा मागावी.
इथे उलटं. विंडोज दहा अगोदरच घर मांडून बसलेला.
त्याला आक्रसलं, साठ जीबीची खोली रिकामी केली,
बायोसमध्ये जाऊन डिस्कला सांगितलं,
थोडा वेळ जुनी असल्यासारखी वाग.

निळा पडदा. पांढरी अक्षरं. सरकणारी पिवळी पट्टी.
कुणी लाडात 'हाय' म्हणत नाही.
पंचवीस अक्षरांची किल्ली सीडीच्या डबीवर,
तिसऱ्या गटातला तो बी की आठ?
बाईंनी भिंगातून पाहून सांगितलं, बी.
आठ होता.

उठला थोरला. हिरवी टेकडी, निळं आभाळ,
आणि उठल्याउठल्या उंबऱ्यावरची पाटी पुसून
त्याने स्वतःचं एकट्याचं नाव लिहिलं.
हेतू वाईट नव्हता. तो निवृत्त झाला
तेव्हा धाकटा जन्मलाच नव्हता.

पेनड्राइव्ह, काळी खिडकी, चार आज्ञा.
खाली गिरणी बंद झाली, परत सुरू झाली.
शेवटी पाटीवर दोन नावं :
तीस सेकंदांत निवडा, नाहीतर धाकटा उठेल.

चालतंय का बघू, म्हणून बाईंनी मलाच
काचेच्या खोलीत बसवलं. हेडफोन. हातात बटण.
ऐकू आलं की दाबायचं.
दाबलं. दाबलं. दाबलं.
मग बराच वेळ काहीच नाही.
वाटलं, अडकलं परत, पोर्ट चुकला असणार.
काचेपलीकडे बाई मान खाली घालून
आवाज चढवत होत्या, चढवत होत्या,
आणि पडद्यावरची माझी रेघ
चार हजारच्या वर जिना उतरत होती.

यंत्र बरोबर आहे, त्या म्हणाल्या.
उजवा कान. सर्व्हरच्या खोल्यांत किती वर्षं?
अकरा.
बारा धरा.

मागच्या आठवड्यात दुकानातल्या पोराने
एक डिस्क माझ्या कानाशी धरली होती,
ऐका ना सर, किरकिरतेय.
मी म्हणालो होतो, छे, ठणठणीत आहे.

पूर्ण नाव? बाईंनी विचारलं.
सुहास खळदकर.
थोरल्याच्या यादीत ते जाऊन बसलं.

जिना उतरताना गिरणी पायांतून ऐकू आली,
जाड, भरड.
बारीक काय दळत होते
ते विचारायचं राहिलं.