फौजदाराविरुद्ध अर्ज

विषयाची ओळ मी तीनदा खोडली.
एकतीस वर्षं तहसिलीत लोकांचे अर्ज
सुधारून दिले, वेलांट्यांसकट,
आणि स्वतःच्या पोटरीबद्दल लिहायची वेळ आली
तर हात अडखळला.

'शेजाऱ्याचा कुत्रा चावल्याबाबत.'
एवढंच तर होतं.

कुत्र्याचं नाव फौजदार.
ठाण्यात हवालदार भामरे पंख्याखाली,
मान वर न करता म्हणाले, कोण चावलं?
फौजदार, म्हटलं.
तेव्हा मान वर झाली.

पैलाडच्या आमच्या गल्लीत
एप्रिलच्या दुपारी कोणी नसतं.
गच्चीत खाटेवर बायकोच्या बिबड्या,
खाली मी, मोटारीच्या पाइपाचा पीळ काढत.
आधी सिमेंटवर साखळीचा आवाज आला,
तिच्यामागे उपटलेली खुंटी उड्या मारत.
मग पायजमा. मग पोटरी.
मी ओरडलो तेही पूर्ण वाक्यात,
'अहो, याला कुणीतरी आवरा',
नोकरीची सवय.

हिलाल साळुंखे बोअरच्या गाडीवर असतो,
महिन्यातले वीस दिवस बाहेर.
आला तेव्हा दारात उभा राहून म्हणाला,
'मना कुत्रा कोनले चावस नही, भाऊ.'
मी पायजमा वर केला.
चार भोकं नीट बघून म्हणाला,
'तुमी घाबरतस म्हनीसन.'

सरकारी दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं,
पाळीव की मोकाट?
दोन्ही, म्हटलं.
त्याला कागदावर चौकोन नव्हता.
पाच सुयांच्या पाच तारखा
चिठ्ठीवर लिहून दिल्या.

रात्री ठणका लागला की कायदा वाचायचो,
नातवाने मोबाइलवर काढून दिलेला.
कलम दोनशे एक्याण्णव,
जनावराबाबत निष्काळजीपणा.
सहा महिने, किंवा पाच हजार, किंवा दोन्ही.
बरं वाटलं वाचून, हळद भरल्यासारखं.
तिथेच थांबायला हवं होतं.
अंगठा घसरला, साठ सालचा कायदा उघडला:
अवाजवी आखूड साखळीने
अवाजवी वेळ
जनावर बांधून ठेवणे, हाही गुन्हा.

पंचनाम्याला भामरे आले. टेप माझाच.
मोजायचं होतं खुंटीपासून गल्लीपर्यंत.
मी साखळी मोजली.
तीन फूट दोन इंच.
जमिनीवर गोल पडलेला, पायांनी घोटून घोटून,
मधोमध खुंटीचं भोक.
निंबाची सावली होती अंगणात,
गोलाच्या बाहेर, दीड हात.
हिलालची बायको जबाबात म्हणाली,
भाकरी मी दारातूनच फेकते, मलाही भ्या वाटतं.
फौजदार सुतळीने जिन्याला बांधलेला.
भुंकला नाही. भामरेंच्या बुटांचा
वास घेत राहिला, एका खात्यातले असल्यासारखा.

त्या रात्री दुसरा अर्ज लिहिला.
अर्जदार फौजदार, वय अंदाजे चार,
धंदा भुंकणे,
राहणार तीन फूट दोन इंच, पैलाड.
सहीपाशी अडलं.
पंजाचा ठसा चालतो का, नियमात सापडलं नाही.
बायको म्हणाली, तुमची एक सुई राहिलीय ना अजून?

दोन्ही कागद हिलालपुढे ठेवले.
पहिला त्याने वाचला नाही.
दुसरा वाचून बराच वेळ दाढी खाजवत बसला.
मग म्हणाला,
'गाडीवर मीबी इतलाच जागामां ऱ्हास.'

पहिला अर्ज मी मागे घेतलेला नाही.
पोटरी माझी आहे.

साखळी आता नऊ फूट.
निंबापर्यंत पोचते,
आणि आमच्या कुंपणापर्यंतही, जवळजवळ.
मी खुर्ची चार हात मागे घेतली.
तिथून, पेपर वाचता वाचता,
तो सावलीत कसा बसतो ते बघतो.
तोही बघतो.

अठ्ठाविसाव्या दिवसाची सुई उद्या.